खंडेनवमीला मारलेली विंडो

आमच्या माजलगावात विंडो बसवत नाहीत, मारतात. कंपाउंडर इंजेक्शन मारतो, सुतार खिळा मारतो, तशी मी विंडो मारतो. डोक्यावर केस होते तेव्हापासून मारतोय. आता केस गेले, धंदा तेवढा राहिला.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणले, "दत्ताभाऊ, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सामान्य माणसाला समजेल असं लिहा." मी म्हणलं, साहेब, सामान्य माणसाला समजलं असतं तर माझं दुकान कशाला चाललं असतं? तरी सांगून बघतो.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की त्याला पहिल्यांदा काहीच उमगत नसतं. झोपेतून उठवलेल्या माणसागत तो इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, आता मी काय करू? त्याच्या पोटातल्या डिस्कवर विंडो असती, ती त्याला कामाला लावते. ती बिघडली की पडदा निळा नाहीतर काळा, आणि मालक पांढरा. मग बाहेरून एक पेनड्राइव्ह खुपसायचा, ज्याच्यात नवी कोरी विंडो सगळ्या तयारीनिशी बसलेली असती. मशीनला सांगायचं, बाबा रे, आज आतल्याचं ऐकू नको, ह्या पाहुण्याचं ऐक. असल्या पेनड्राइव्हला बुटेबल म्हणतात.

तो बनवायला अवघड काही नाही. विंडोची भलीमोठी फाइल नेटवरून उतरवून घ्यायची आणि एका छोट्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून भागत नाही. कारण मशीनला पेनड्राइव्हवर एका ठरलेल्या जागी 'इथून सुरुवात कर' अशी खूण लागते. ती खूण करायची तर ते सॉफ्टवेअर आधी पेनड्राइव्ह झाडूनपुसून मोकळा करतं. पुसायच्या आधी एकदा विचारतं, ह्यातलं सगळं जाईल, चालेल का? ह्या एका प्रश्नापाशी मी भल्याभल्यांना घाम फुटलेला बघितलाय.

हे 'नुसती कॉपी भागत नाही' लोकांच्या गळी उतरवताना माझी अर्धी हयात गेली. तेलगावचा एक गडी शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरमधली विंडो पेनड्राइव्हवर घेऊन आला. मी उघडून बघतो तर आत नुसता पडद्यावरचा फोटो, हिरवी टेकडी आणि निळं आभाळ.

"हीच की ती! रोज दिसती त्येच्या कॉम्प्युटरवर."

मी म्हणलं, "दादा, हे म्हणजे शेजाऱ्याच्या म्हशीचा फोटो आणून धार काढायला बसल्यागत झालं."

त्यानं जरा विचार केला. "मग म्हैस कशी आणायची ते सांगा की!"

दुसरे कडा गावचे एक तात्या. नातवाच्या कॉम्प्युटरवर नवी विंडो मारून दिली, तर म्हणले, नवी वस्तू हाय, नारळ फोडल्याबिगर चालू करायची न्हाई. फोडा म्हणलं. मला वाटलं उंबऱ्यावर फोडतील. तात्यांनी कॅबिनेटच्या कोपऱ्यावर फोडला. नारळ एका दणक्यात फुटला, कॅबिनेटला ओरखडासुद्धा नाही. पाणी मात्र सगळं आत गेलं. वर तात्या मलाच प्रसाद द्यायला लागले.

पण मला सांगायची आहे ती अन्वरभाईची गोष्ट. अन्वरभाई आधी पेंटर. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागचं 'पुन्हा भेटू', सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि ब्रशला कुणी विचारेना. अन्वरभाईंनी कुरकुर न करता फ्लेक्सचं मशीन टाकलं. आज आमच्या तालुक्यात ज्या पुढाऱ्याचा वाढदिवस अन्वरभाईंच्या मशीनमधून निघाला नाही, तो पुढारी कच्चा समजतात.

फ्लेक्सच्या धंद्यात खरा माल म्हणजे मुंडकी. प्रत्येक पुढाऱ्याचा फोटो मागच्या पडद्यातून अलगद कापून ठेवायचा. हात जोडलेला एक, गॉगलवाला एक, फोन कानाला लावलेला एक. मग फ्लेक्स आला की वरच्या ओळीत कोण, कडेला कोण, खाली शुभेच्छुकात कोण, हे ठरवून ती मुंडकी मांडायची. एखाद्याचं बोटभर लहान झालं तर तो कार्यकर्ते घेऊन दुकानात येतो. अन्वरभाईंना सगळ्या तालुक्याच्या मुंडक्यांची मापं तोंडपाठ होती. एकदा त्यांच्या मशीनची डिस्क बसली आणि सगळी मुंडकी गेली, तेव्हापासून ते हा सगळा ऐवज पेनड्राइव्हवर ठेवायचे आणि पेनड्राइव्ह दोरीनं गळ्यात घालायचे. अंघोळीला जातानाच काय तो उतरायचा.

तर त्यांची लेक शबाना. पोलिसात भरती झाली. भरतीच्या तयारीला पहाटे उठून धरणाच्या रस्त्यानं पळायची, मागून अन्वरभाई स्कूटरवर, हेडलाइट लावून. आमचे नाना, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, एकदा अन्वरभाईंना म्हणलेले, "पोरीला कशाला पळवतो बे उगाच? लग्नाचं बघ." शबाना पळत राहिली. ट्रेनिंग संपलं आणि ती दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं घरी येणार होती. अन्वरभाईंनी सगळ्या चौकाला सांगून ठेवलं होतं, "अक्खी जिंदगी दुसऱ्याचे फ्लेक्स छापले. माझी बेटी उतरंल तेव्हा चौकात तिचा फ्लेक्स दिसला पाहिजे."

आणि आदल्या दिवशी, ऐन खंडेनवमीला, दुपारच्या वक्ताला अन्वरभाई माझ्या दारात. स्कूटर चालूच, गळ्यात पेनड्राइव्ह, चेहऱ्याची पार रया गेलेली.

"दत्ताभाऊ, मर गया मैं. मशीन निळं पडलं."

म्हणजे फ्लेक्स छापणाऱ्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर. विंडो उडाली होती.

आता खंडेनवमी म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, न्हावी कात्री मांडतो. एकदा हत्यार पूजेत मांडलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या आईनं सकाळीच दुकानाचं शटर पाडून चावी कनवटीला लावली होती. आतल्या माझ्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. आणि घरात पाटावर माझे स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची इस्त्री आणि सगळेच्या सगळे बुटेबल पेनड्राइव्ह ओळीनं मांडले होते. प्रत्येकाच्या टोकाला हळदीकुंकू. पाटाशेजारी आई स्वतः बसलेली.

मी म्हणलं, "आई, एकच उचलतो. हातात घेऊन लगेच ठेवतो."

"दत्त्या, हात लावून तर बघ!"

"अगं, अन्वरभाईंच्या पोरीचं काम हाय."

"पोरगी माझी बी हाय. पण पूजेतलं हत्यार उचलायचं न्हाई म्हणजे न्हाई."

मी अन्वरभाईंकडं बघितलं. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. तर ते चपला काढून हात जोडून उभे. "अम्मा सही बोलतायत, दत्ताभाऊ. पूजेतलं नको. दुसरं बघू."

आता घ्या! ज्याचं घर जळतंय तोच म्हणतोय पाणी नको.

दुसरं काय बघणार? त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांची हत्यारं पाटावर. बाकीच्या फ्लेक्सवाल्यांची मशीनं हार घालून बंद. सबंध तालुक्यात त्या दिवशी एकच फ्लेक्सचं मशीन चालू राहणार होतं, ते अन्वरभाईंचं, आणि तेच निळं पडलेलं. त्यात संध्याकाळी लाइट जाणार म्हणून वीजवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. अन्वरभाई स्कूटरच्या सीटवर बसले आणि एकदम बारीक आवाजात म्हणले, "तिनं मागितला न्हाई हो कधी फ्लेक्स. मलाच वाटलं. बापाला वाटू नये का?"

मी म्हणलं, चला, नवा बुटेबल बनवू. त्याला तीन गोष्टी लागतात. चालू कॉम्प्युटर, नेट आणि रिकामा पेनड्राइव्ह.

चालू कॉम्प्युटर सापडला. आमच्या गल्लीतल्या भूगोलाच्या सरांचा लॅपटॉप शाळेचा होता, म्हणून त्यांनी तो पूजेत मांडला नव्हता. "सरकारी वस्तूला कुंकू लावलं तर उत्तर कोण देणार?" असं त्यांचं म्हणणं. नेट सरांच्या फोनचं. पण लॅपटॉपच्या डिस्कवर सुई ठेवायला जागा नव्हती. सर घरी बसून भूगोलाचे व्हिडिओ करायचे आणि त्यांनी डिस्क गच्च भरून टाकली होती.

मी म्हणलं, "सर, ज्वालामुखी लई मोठा दिसतोय. तो पुसू का?"

"अजिबात नाही! ज्वालामुखीला हात लावायचा नाही. त्यात मी स्वतः पेटवलेला प्रयोग आहे."

"मग भूकंप?"

"भूकंप दोन भागात आहे. एक भाग पुसला तर कळणार नाही." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मान्सून पुसा. तो दरवर्षी नवा करावाच लागतो."

मान्सून पुसला. तेवढ्या जागेत विंडोची फाइल कशीबशी मावली. ती उतरेपर्यंत आम्ही दोघं पेनड्राइव्ह शोधायला बाहेर पडलो. नवा विकत घ्यावा तर दुकानं सगळी पूजेसाठी बंद.

पहिला भेटला रफिक फळवाला. त्याच्या हातगाड्यावर स्पीकर असतो आणि त्यात पेनड्राइव्ह, 'आओ सीताफळ, मीठा सीताफळ' ओरडणारा. रफिक दिलदार माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि पेनड्राइव्ह उपटून माझ्या हातात ठेवला. "शबानासाठी काय पण. मी तोंडानं ओरडतो." आणि खरंच ओरडायला लागला. पण पेनड्राइव्ह जुना, एवढासा, त्यात विंडोचं एक तावदानसुद्धा बसलं नसतं. परत दिला, तर तोच हिरमुसला.

मग उसाच्या ट्रॅक्टरवाला भागवत. त्याचा पेनड्राइव्ह चांगला ऐसपैस. पण सगळा गाण्यांनी भरलेला.

"पुसायचा?" भागवत दोन पावलं मागं सरकला. "कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर? भाऊ, माझं ट्रॅक्टर डिझेलवर न्हाई चालत, गाण्यावर चालतं."

"अरे, परत भर की गाणी."

"कुठली कुठली व्हती ते माझ्या ध्यानात हाय का?" असं म्हणून त्यानं पेनड्राइव्ह बनियनच्या आत टाकला आणि वरून हात ठेवला. जुलूम तरी किती करणार?

वाचक म्हणतील, त्यातलं दुसरीकडं उतरवून ठेवायचं की. अहो, पण कुठं? लॅपटॉपमध्ये मान्सून काढून विंडो बसवलेली. फोनचं म्हणाल तर आमच्याकडच्या फोनात शुभ सकाळच्या गुलाबांशिवाय दुसऱ्या कशाला जागा असती का?

सरांच्या ओसरीवर परत आलो. फाइल उतरून तयार. पेनड्राइव्ह नाही. उन्हं कलायला लागलेली. सर म्हणले, "आता?" आणि माझं लक्ष अन्वरभाईंच्या गळ्याकडं गेलं. मी पटकन नजर वळवली, कारण ते मागायचं म्हणजे माणसाची भाकरी मागण्यासारखं होतं. पण अन्वरभाईंनी बघितलं होतं.

त्यांनी दोरी डोक्यावरून काढली. पेनड्राइव्ह तळहातावर धरून बसले. तेवढ्यात फोन वाजला. नाना. आवाज एवढा दणदणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अन्वर, उद्याच्या फ्लेक्सवर मला वर घे. मार्गदर्शक म्हणून. गॉगलवाला टाक. आणि बापूला माझ्यापेक्षा लहान कर." बापू म्हणजे दुसऱ्या गटाचे पुढारी.

"जी नाना," अन्वरभाई म्हणले आणि फोन ठेवला. मग पेनड्राइव्ह माझ्यापुढं धरला.

"लावा."

मी म्हणलं, "अन्वरभाई, सगळी मुंडकी जातील. परत एकेकाच्या दारात जाऊन फोटो मागावे लागतील. कापाकापी पहिल्यापासून. नीट विचार करा."

"केला. लावा तुम्ही."

पेनड्राइव्ह लावला. सॉफ्टवेअरनं नेहमीचा प्रश्न विचारला. सरांनी तो मोठ्यानं मराठीत वाचून दाखवला, "ह्यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल. चालेल का?" मी बटणाकडं बोट नेलं तर अन्वरभाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, बदललं मन.

"मी दाबतो," ते म्हणले. "मीच कापलेत सगळे. मीच पुसतो." आणि शाईनं काळं झालेलं बोट बटणावर दाबलं. सगळा तालुका गेला. वरच्या ओळीतले गेले, कडेचे गेले, गॉगलवाले, फोनवाले, दोन्ही गटांचे एका दमात गेले. सर हळूच म्हणले, "निवडणुकीतसुद्धा एवढं होत नाही." आणि अन्वरभाई हसायला लागले. एवढं हसले की त्यांना खोकला आला.

पुढचं माझं काम. पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. मशीन सुरू होतानाच एक बटण दाबून त्याला विचारावं लागतं की कुणाचं ऐकणार. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं, आणि वेळ चुकली की परत पहिल्यापासून. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा पेनड्राइव्ह दिसेना, कारण पुढच्या खाचेत फ्लेक्सची शाई वाळून बसलेली. मागच्या खाचेत लावला आणि पडद्यावर विंडो उजाडली. अन्वरभाई म्हणले, "बिस्मिल्ला." मी म्हणलं, "गणपती बाप्पा मोरया." दोघांपैकी कुणाचं लागू पडलं माहीत नाही, पण विंडो बसली. छपाईचं सॉफ्टवेअर डिस्कच्या दुसऱ्या भागात शाबूत होतं, ते जोडून दिलं. अन्वरभाईंनी फोनवरून शबानाचा वर्दीतला फोटो घेतला आणि फ्लेक्स मांडायला बसले. सवयीनं फोटो खाली एका कोपऱ्यात ठेवला आणि वर मुंडक्यांसाठी जागा सोडली. मग थांबले. वर कुणी नव्हतंच. त्यांनी शबानाला उचललं आणि मधोमध ठेवून ताणत ताणत पार कडेपर्यंत मोठी केली.

लाइट जायच्या आत फ्लेक्स निघाला. पंखा बंद पडल्यावर ओल्या शाईवर आम्ही दोघं आणि सर फुंकर मारत बसलो. शेवटी सरांना चक्कर आली तेव्हा थांबलो.

दसऱ्याच्या सकाळी फ्लेक्स चौकात लागला आणि माणसं थांबून बघायला लागली. आमच्या चौकात एकाच माणसाचा फ्लेक्स कुणी जन्मात बघितला नव्हता. एक जण म्हणला, "अजून छापायचा राहिलाय काय?" दुसरा म्हणला, "बाकीची मंडळी उद्या येत असतील." खाली नुसतं 'शबाना पेंटर, महाराष्ट्र पोलीस. शुभेच्छुक: अब्बा' एवढंच.

मग नाना आले, मागं बापू, त्यांच्यामागं शुभेच्छुक. नानांनी फ्लेक्स वरून खाली बघितला. मग खालून वर बघितला. मग, खोटं सांगत नाही, फ्लेक्सच्या मागं जाऊन बघून आले.

"अन्वर! मी कुठं हाय बे?"

"पुसले गेले नाना," अन्वरभाई शिडी खांद्यावर घेऊन उभे होते. "सगळेच गेले. बापू बी गेले."

बापूही गेले म्हणल्यावर नानांचा राग जरा उतरला. पण पुढारी हार कुठं मानतो? फ्लेक्सवर नाही तर नाही, ते फ्लेक्सच्या खाली जाऊन उभे राहिले, हात जोडून, गॉगल लावून, डिट्टो फोटोतल्यासारखे. ते बघून बापू शेजारी उभे राहिले. मग एकेक जण येत गेला. छापल्यावर जसे दिसले असते त्याच क्रमानं सगळी वरची ओळ, कडेची ओळ, शुभेच्छुक, चौकात जिवंत उभे. मागचे दिसेनात म्हणून ते दगडावर चढले. मी हसून हसून बेजार.

एसटी आली. हलगी वाजायला लागली. शबाना उतरली, गल्लीच्या हट्टामुळं वर्दीत. तिनं फ्लेक्सकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खालची गर्दी बघितली, आणि मान इकडंतिकडं वळवून शोधायला लागली.

नाना पुढं झाले. "ये बाळा, ये. आमच्या मार्गदर्शनाचं चीज केलंस. फोटो काढा रे!"

शबाना म्हणली, "अब्बा कुठं हायत?"

अन्वरभाई समोर रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीच्या छपराखाली शिडी खांद्यावर घेऊनच उभे होते. लेकीला बघत. माझ्याकडं बघून त्यांनी हातानंच खूण केली, राहू दे, राहू दे.

शबानानं त्यांना बघितलं. मग वळली, आणि ट्रेनिंगच्या मैदानावर कमावलेल्या आवाजात म्हणली, "नाना, बाजूला सरका. सगळे सरका. रस्ता मोकळा करा."

मी सांगतो, जो चौक कुणाच्या बापाच्यानं मोकळा झाला नव्हता, तो झाला. नाना सरकले, बापू सरकले, दगडावरचे उतरले. शबाना रस्ता ओलांडून गेली आणि बापाचा हात धरला.

"अरे, मेरे कपडे देख," अन्वरभाई म्हणायला लागले. "सगळी शाई हाय. आणि मी फ्लेक्सवर बी न्हाई."

"फ्लेक्स राहू द्या, अब्बा. माझ्या शेजारी उभे राहा."

आणि तिनं त्यांना ओढत आणून आपल्या फोटोखाली मधोमध उभं केलं. शिडी त्यांच्या खांद्यावरच राहिली होती. अन्वरभाई ढसाढसा रडत होते आणि रडतानाच कॅमेऱ्याकडं बघून सरळ उभं राहायचा प्रयत्न करत होते. फोटो मीच काढला. घरी येऊन बघितलं तर कडेला नानांचा अर्धा गॉगल आलेला. तेवढा कापून टाकला आणि मग अन्वरभाईंना पाठवला.